शिडी, डोकं!

कोणत्याही खेळाडूचा खेळ मी आठवड्याभरात सुधारून दाखवीन, असं मी ताईच्या घरी भरल्या ताटावर बसून जाहीर केलं.

आता ही काही पोकळ बढाई नव्हे! वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर माझी उभी हयात गेली आहे. कोण कुठे चुकलं आणि त्याने खरं तर काय करायला हवं होतं, हे मी रोज संध्याकाळी, पान छपाईला जायच्या आत, लिहून मोकळा होतो. मी स्वतः कधी चेंडूला हात लावलेला नाही, ही गोष्ट वेगळी. स्वयंपाकाला नावं ठेवायला शेगडीत बसावं लागत नाही!

खेळाडू म्हणजे ताईचा मुलगा. त्याला घरीदारी सगळे शिडी म्हणतात. तो बसलेला असताना उभ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. त्याची पॅन्ट दुकानातून घरी येईपर्यंत आखूड होते. इमारतीत कोणाचा दिवा गेला की आधी शिडीला हाक जाते, वीजवाल्याला नंतर. बास्केटबॉल खेळायचं त्याने ठरवलंच नाही. लोकांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं आणि ठरवून टाकलं!

आणि एवढ्या उंच मुलाला बास्केटबॉल जमत नव्हता. म्हणजे माशाला सर्दी व्हावी तशी गोष्ट!

“सर म्हणालेत, रविवारच्या सामन्याला निवड समितीचे साहेब येणार आहेत,” शिडी पडेल आवाजात म्हणाला. “त्यांना आवडलो तर मोठ्या शिबिरात घेतील. नाहीतर सर मला संघातूनच काढणार.”

“शिबिरात काय विशेष?” भाऊजींनी विचारलं.

“तिथले पलंग लांब असतात, बाबा. पाय मावतात म्हणे.”

ताईने पदराने डोळे टिपले. पोरगं कित्येक वर्षं पलंगाच्या पुढे स्टूल लावून झोपतंय!

“काळजी करू नकोस,” मी म्हणालो. “मामा आहे ना!”

“म्हणूनच काळजी वाटते,” माझी बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सराव बघायला गेलो. सर म्हणजे त्यांचे प्रशिक्षक. ठेंगणे, गोल आणि आवाज असा की जणू घशात खडी दळतेय. शिडी बास्केटखाली उभा. त्याच्या समोर संघातला सगळ्यात बुटका खेळाडू, ज्याला सगळे बटण म्हणतात. बटणाने शिडीकडे सुरेख चेंडू फेकला. नुसते हात वर करायचे आणि चेंडू बास्केटमध्ये ठेवायचा, फळीवर डबा ठेवावा तसा.

सर ओरडले, “शिडी, डोकं वापर!”

आणि शिडी वाकला! कमरेतून, चांगला खालपर्यंत! चेंडू त्याच्या पाठीवरून गेला आणि भिंतीवर आपटला. शिडी सरळ झाला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

मी हबकलोच. मला वाटलं बूट बांधत असेल. पुन्हा चेंडू आला. पुन्हा सर ओरडले, “अरे डोकं! डोकं चालव!” पुन्हा शिडी काटकोनात!

“बघितलंत?” सर माझ्यावरच खेकसले. “मी जीव तोडून सांगतो डोकं चालव, आणि हा मला नमस्कार करतो!”

मी थंड डोक्याचा माणूस आहे. घटना समोर दिसली की आधी कारण शोधायचं, ही आमच्या धंद्याची सवय. मी शिडीला सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर खुर्ची जेवढी खाली जाईल तेवढी खाली नेत राहिले आणि शेवटी स्वतःच स्टुलावर चढले.

“सगळ्यात खालची ओळ वाच.”

शिडीने वाचली. मग सहज म्हणाला, “डॉक्टर, तुमच्या कपाटावर एक पाल मेलीय.”

डॉक्टर स्टुलावरून पडता पडता वाचले. डोळे उत्तम होते! डॉक्टरांना मात्र बराच वेळ पाणी पाजावं लागलं.

म्हणजे डोळे नाहीत. मग भीती? “चेंडूची भीती वाटते का रे?”

“छे, मामा! मला तर चेंडू दिसतच नाही. नेमक्या वेळी मी खालीच बघत असतो. का ते मलाही कळत नाही.”

उलगडा झाला तो त्याच संध्याकाळी, ताईकडे. आम्ही जेवत होतो. शिडी पाणी आणायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाला. ताई, भाऊजी, शिडीची धाकटी बहीण, कोणीही ताटातून मान वर केली नाही. पण तिघांच्या तोंडून एका सुरात निघालं, “डोकं!”

शिडी वाकला, चौकटीखालून गेला, पलीकडे सरळ झाला.

परत येताना, “डोकं!” वाकला. वाटेत लोंबता दिवा होता. “डोकं!” वाकला. माळ्याची फळी आली. “डोकं!” वाकला!

माझा घास हातातच राहिला. हे मी त्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो आणि म्हणूनच कधी ऐकलं नव्हतं! सगळं घर त्याला ‘डोकं’ म्हणून वाकवत होतं आणि सर बिचारे तोच शब्द ओरडून त्याला उभं करायला बघत होते!

“ताई!” मी किंचाळलो. “तुम्ही या पोराला बिघडवलंत!”

“आम्ही?” ताईच्या हातातला डाव खाली पडला. “अरे, आम्ही त्याचं कपाळ वाचवलं!”

मी धावत सरांकडे गेलो. “सर, एवढा एक शब्द सोडा. दुसरं काहीही ओरडा!”

“काहीही म्हणजे काय? जन्मभर हेच ओरडत आलोय! आता काय ओरडू, बुद्धी?”

त्यांनी प्रयत्न केला, हे कबूल करायला हवं. “शिडी, बुद्धी वापर!” असं ते एकदा ओरडले. सगळा संघ मैदानावर लोळून हसला. सर संतापले आणि संतापाच्या भरात ओरडले, “डोकं फिरलंय का तुमचं?” शिडी वाकला.

म्हणजे सर बदलणार नव्हते. शिडीच बदलायला हवा होता! माझी योजना साधी होती. ‘डोकं’ ऐकलं की वाकायचं नाही, उडी मारायची! आणि घरातल्या दारांसाठी वेगळा शब्द ठेवायचा.

“कोणता?” ताईने विचारलं.

“दार. दाराला दार म्हणायचं. आमच्याकडे बातमीतही जे असतं तेच लिहितात.”

ताईच्या इमारतीच्या गच्चीवर शिकवणी सुरू झाली. मी “डोकं!” म्हणायचं, शिडीने उडी मारायची, आणि उडी मारली की मी त्याला बिस्कीट द्यायचं. मी “दार!” म्हणालो की त्याने वाकायचं, आणि पुन्हा बिस्कीट. बायको वर येऊन बराच वेळ बघत उभी राहिली.

“भाचा आहे की कुत्रा?” तिने विचारलं.

“हे शास्त्र आहे!”

“शास्त्राला सांगा, घरातली बिस्किटं संपली.”

पण गुण आला! दोन पुडे संपले तेव्हा शिडी ‘डोकं’ ऐकताच असा उडायचा की वाळत घातलेले कपडे हलायचे. मी स्वतःवरच खूश होतो. त्याच आनंदात आम्ही खाली ताईकडे जेवायला बसलो.

दारावरची घंटा वाजली. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, कोणीतरी दार उघडा!”

शिडी बसल्या जागी वाकला. नाक थेट समोरच्या वाटीत! वाटी गरम होती. शिडी बोंबलत उठला, बहीण हसता हसता खुर्चीवरून घसरली आणि भाऊजींनी उघडलेल्या दारात उभी असलेली शेजारीण, “भांडण चाललंय का? मी नंतर येते,” म्हणून परत गेली.

“हे होतं सुरुवातीला,” मी म्हणालो.

भाऊजींनी कपाळावर हात दाबला. ते बिचारे शांत गृहस्थ. त्यांनी एवढंच म्हटलं, “माझं डोकं दुखतंय.”

शिडी उडाला! लोंबता दिवा, त्याची काचेची टोपी, वरचा आकडा, सगळं खाली आलं! काचांचा पाऊस पडला. अंधारात ताईचा आवाज आला, अगदी हळू.

“तुझं शास्त्र उचल आणि घरी जा.”

रविवार उजाडला. सभागृह खच्चून भरलेलं. निवड समितीचे साहेब पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, घडी घातलेले हात, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नव्हती. ताई माझ्या शेजारी बसली होती. घरच्या सवयीने तोंडातून भलतंसलतं निघू नये म्हणून तिने तोंडात रुमाल धरला होता. शिडीच्या नाकाला मलम. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि आवंढा गिळला. तो एवढा लांब आवंढा होता की तो मला गळ्यातून उतरताना दिसला.

सामना सुरू झाला. चेंडू बास्केटकडे आला. आमचे सर ओरडले, “शिडी, डोकं!”

आणि शिडी उडाला! वर, अजून वर! चेंडू त्याने हवेतच असा धरला की जणू झाडावरून फळ तोडलं. सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. ताईच्या तोंडातला रुमाल खाली पडला. मला मात्र थोडं कमीच आश्चर्य वाटलं. बिस्किटं माझी होती.

पण खरी गंमत पुढेच होती. समोरच्या संघाचेही प्रशिक्षक होते आणि प्रशिक्षकांची भाषा सगळीकडे सारखीच. ते आपल्या खेळाडूंवर खवळले, “डोकं ठिकाणावर आहे का रे तुमचं?” शिडी उडाला आणि त्यांचा बास्केटकडे जाणारा चेंडू त्याने वाटेतच थोपवला! ते अधिकच खवळले, “अरे, डोकी घरी ठेवून आलात का?” शिडी पुन्हा उडाला! ते जितके चिडत, तितका आमचा शिडी उंच जाई. माझ्या मागचा एक म्हातारा म्हणाला, “या मुलाला चेंडू येण्याच्या आधी कळतं!”

शेवटचं मिनिट आलं. आम्ही एका गुणाने मागे. चेंडू आमच्या एका खेळाडूकडे होता. समोरचा सगळा संघ शिडीभोवती गोळा झाला, खांबाला मुंग्या लागाव्यात तसा. चेंडू शिडीच्या दिशेने उंच सुटला. साहेब खुर्चीच्या टोकावर आले.

त्याच क्षणी सभागृहाच्या बाजूचं दार वाऱ्याने उघडलं. उतरतं ऊन थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत शिरलं आणि माझ्या मागचा तोच म्हातारा ओरडला, “अहो, दार! दार लावा!”

शिडी वाकला.

ताईने माझा दंड असा धरला की रक्त थांबलं. सगळं संपलं, असं मला वाटलं! सगळ्या संघाचे हात वर, शिडी मधून गायब, आणि चेंडू त्याच्या पाठीवरून सरळ पलीकडे. पलीकडे एकटा बटण उभा होता. त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं, एरवीही नसतं. बटणाने दचकून चेंडू झेलला आणि घाबरून वर भिरकावला. चेंडू बास्केटच्या कड्यावर थोडा रेंगाळला आणि आत पडला!

आम्ही जिंकलो!

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. सर रडत होते, बटण स्वतःच्या हातांकडे बघत होता, शिडी अजून वाकलेलाच होता. आणि निवड समितीचे साहेब, ज्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती, ते उठून सरळ शिडीकडे गेले. मीही मागोमाग गेलो, श्रेयाच्या वेळी मागे राहायची मला सवय नाही.

“काय हुलकावणी दिलीस!” साहेबांचा आवाज कापत होता. “उंच मुलं मी खूप पाहिली. सगळी उंचीवर खेळतात. ऐन वेळी बसून घेणारा, जोडीदाराला पुढे करणारा, असा पहिलाच पाहतोय! तुझं नाव मी पक्कं करतो.”

शिडी हळूहळू सरळ झाला. “म्हणजे… लांब पलंग?”

“हवा तेवढा लांब!” साहेबांनी टाचा उंचावून त्याच्या दंडावर थाप मारली आणि जवळ सरकले. “कारण मुला, तुझ्याकडे नुसती उंची नाही. डोकं आहे, डोकं!”

मी “नको!” असं ओरडायला तोंड उघडलं, पण साहेब दोनदा म्हणाले होते. शिडी दोनदा उडाला. पहिल्यांदा तो जमिनीवर उतरला. दुसऱ्यांदा साहेबांच्या पायावर!

ती किंकाळी मी विसरणार नाही. आमच्या सरांचाही आवाज तिच्यापुढे कुजबुज होता!

साहेबांनी शब्द मात्र मोडला नाही. बर्फाच्या बादलीत पाय बुडवून, दात ओठ खात, त्यांनी शिबिराची नावं जाहीर केली. शिडीचं नाव पहिलं होतं. “हा असला प्रकार शिकवला कोणी?” असं त्यांनी विचारलं. शिडी खरं बोलणारा मुलगा आहे. त्याने एवढा लांब हात सरळ माझ्याकडे केला. लपायला जागाच नव्हती!

“घेतो याला,” साहेब कण्हत म्हणाले. “पण हा मामा शिबिराच्या फाटकातही दिसता कामा नये!”

एवढ्यात खिशातला फोन वाजला. कचेरीतून संपादक विचारत होते, “पान जायची वेळ झाली! निवड समितीच्या सदस्यांचा पाय मोडला म्हणे. तुम्ही तिथेच आहात ना? कशामुळे झालं?”

मी साहेबांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू आवाजात म्हणालो, “नेमकं कारण समजू शकलेलं नाही.”