कंडक्टरकाकांची रेशम

टीव्हीसमोर बसून घंटी मारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. दर शनिवारी संध्याकाळी, भिंतीपलीकडून ऐकलाय सुद्धा.

बबन रोकडे, म्हणजे आमचे कंडक्टरकाका, एसटीतून निवृत्त झाले तेव्हा भंगारात निघालेल्या कुठल्याशा गाडीची घंटी घेऊन घरी आले. ती त्यांनी खाटेच्या वर बसवली आणि दोरी उशापर्यंत आणली. मी आणि माझी बायको दहिवलीच्या या इमारतीत राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात शेजारून टण्ण टण्ण आवाज आला. बायको म्हणाली, "शेजारी देऊळ आहे का?" मी बघायला गेलो. बाबासाहेब आणि बुद्ध यांच्या तसबिरींखाली खाटेवर, आजारी काकूंच्या पायाशी, काका लेंगा-बनियनवर बसले होते. टीव्हीवर डोक्यावर पिसांचा पंखा लावलेला एक पुरुष बाईच्या वेशात चालत होता आणि काका दोरी ओढत होते.

"दोन घंटी म्हंजे जाऊ दे," त्यांनी न विचारता सांगितलं. "एक घंटी म्हंजे थांब बाय, तुझं काय खरं नाय."

तो एक हिंदी स्पर्धेचा कार्यक्रम होता. पुरुष बायकांचा शृंगार करून येत, नाचत, चालत, एकमेकींना टोमणे मारत आणि दर आठवड्याला त्यांतली एक घरी जाई. घरी पाठवायचं काम नगीनाचं. नगीना ही सूत्रसंचालिका, म्हणजे तोही पुरुषच, सहा फुटी, वर वीतभर केसांचा डोंगर आणि भुवया थेट कपाळाच्या मध्यावर. ती हसली की पोरी हसत, ती गप्प झाली की पोरींचे चेहरे उतरत. काकांच्या लेखी नगीना म्हणजे डेपो मॅनेजर. "चांगलं काम करणाऱ्याला पयला मेमो," ते म्हणत. "तिच्या हाताखाली दिवस काढायचे म्हंजे सोपं नाय."

काकांचा स्वभाव मुळातच अंधाऱ्या बाजूचा. उन्हाळ्यात पाणी जाणार, पावसात भिंत जाणार आणि शनिवारी आपल्या आवडीची पोरगी जाणार, हे त्यांना आधीच ठाऊक असे. "चांगली चालली," ते सुस्कारा टाकत. "म्हंजे उतरवणार हिला." आणि बहुतेक वेळा खरंच उतरवत.

पलीकडच्या खोलीतल्या शिंदेकाकू एकदा दारातून म्हणाल्या, "भाऊ, या वयात हे काय बघता? तो बाप्या आहे बाप्या!"

"गाडीवर पनवेल लिवलं असंल तर काय म्हणायचं?"

"पनवेल."

"मग झालं तर. पाटी पनवेलची हाय, गाडी पनवेलची. डेपोत तिला काय म्हणतात ते तुमाला कशाला पायजे?"

शिंदेकाकू पुटपुटत गेल्या. पण पुढच्या शनिवारी त्यांच्या खोलीतूनही तेच संगीत ऐकू आलं.

काकांना मोबाईलवर टाईप करायचा कंटाळा. डोळेही साथ देत नसत. त्यामुळे रविवारी सकाळी कार्यक्रमाच्या पानावर त्यांचं मत नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. ते खाटेवर मांडी घालून सांगत. "लिव्ह. नगीनाबाई यांस सप्रेम जय भीम. कालच्या खेळात निळ्या साडीवाल्या पोरीचा पदर पिनांनी इतका टोचला होता की ती श्वास घेत नव्हती. हे आपल्या ध्यानात आलं नाय, याचं वाईट वाटलं."

पानावर बाकी सगळे इंग्रजीत किंवा बदामांच्या चित्रांत बोलत. एकमेकांच्या आवडत्या पोरींना शिव्या देत, नगीनाला देवी म्हणत, नाहीतर चेटकीण. त्यात हा सप्रेम जय भीम. लखनौच्या कुणीतरी लिहिलं, "अंकलजी को जज बनाओ." मग कुणी त्याचं भाषांतर मागू लागलं, कुणी नमस्कार करू लागलं. काका वरवर तुच्छतेनं ऐकत. पण सोमवारी मी खालापूरला कचेरीत जायला निघालो की गॅलरीत उभे असत. "लखनौवाला काय म्हनला?"

त्या वर्षी त्यांच्या आवडीची पोरगी रेशम. सावळी, नाकात मोठी चमकी. ती फारशी कुणाला आवडत नसे. तिचे कपडे साधे, इतरांसारखे दिवे लावलेले आणि पिसं खोचलेले नसत. नगीनानं एकदा तिला म्हटलंही, "नाम रेशम, और पहनती है सूती!" पोरी खिदळल्या. काकांनी दोरीला हात लावला नाही.

"बाकीच्या चालून दाखवतात," ते म्हणाले. "ही चालते. फरक हाय."

चित्रीकरण कुठे चालतं हे त्यांना एका टेंपोवाल्यानं सांगितलं. तो तिथे जेवणाचे डबे पोचवत असे. खालापूरच्या पुढे एका बंद कारखान्याच्या गोदामात सगळा थाट मांडला होता. पुढचे भाग तिथे होत होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या कचेरीच्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, बगलेत कापडी पिशवी.

"चल," एवढंच म्हणाले.

गोदामाच्या फाटकावरच्या सिक्युरिटीनं आम्हाला आत सोडलं नाही. काकांनी वाद घातला नाही. समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. फाटकातून माणसं येत-जात होती. वायरी उचलणारे, टोपल्या नेणारे, खुर्च्या आणणारे. मग अर्ध्या चड्डीतला तिशीचा एक जण आला. गळ्यात टॉवेल, पायात रबरी चपला, भुवया जवळजवळ नाहीतच. त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

काकांनी ग्लास खाली ठेवला. "रेशम गं."

तो जागीच थांबला. इकडे-तिकडे पाहिलं आणि जवळ आला. "कसं ओळखलंत काका?"

"चालीवरनं."

तो हसला. पण डोळे भरले असावेत, कारण त्यानं टॉवेल तोंडावरून फिरवला. अकोल्याचा होता. बाहेर प्रशांत म्हणा म्हणाला. घरी दोन वर्षं कुणी बोलत नव्हतं. स्पर्धेसाठी नोकरी सोडली होती. हे सगळं त्यानं चहा संपायच्या आत सांगून टाकलं, जणू कुणी विचारायची वाटच पाहत होता.

काकांनी पिशवीतून खोका काढला. आत नारायणपेठी साडी. जांभळी, लाल काठांची, घडी न मोडलेली.

मी ती साडी ओळखत होतो. निवृत्तीच्या वेळी काकांनी ती सुमनकाकूंसाठी, त्यांच्या बायकोसाठी, घेतली होती. काकूंना त्याआधीच अर्धांगवायूचा झटका आला होता. काका खोका त्यांच्या उशाशी ठेवून म्हणत, "उभी राहिलीस की नेस." त्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले होते.

"बायकोची हाय," काका प्रशांतला म्हणाले. "कपाटात पडून हाय. नेस."

"काकूंना चालेल?"

"तिची काय ना नाय."

मी चहाच्या ग्लासात बघत राहिलो.

बऱ्याच आठवड्यांनी तो भाग लागला. काकांच्या खोलीत त्या शनिवारी मी होतो, माझी बायको होती, दारात खुर्ची टाकून शिंदेकाकू होत्या. रेशम पडद्यामागून आली. जांभळी साडी, अंबाड्यात फूल, बाकी काही नाही. पदर खांद्यावर असा टाकलेला की जणू आत्ताच कुणी हाक मारली आणि ती उठून आली. काका पुढे झुकले. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. घंटी वाजली नाही, एकही नाही, दोनही नाही.

रेशम टोकाला पोचली, वळली, थांबली. नगीनानं भुवया आणखी वर नेल्या.

"रेशम डार्लिंग," ती म्हणाली, "ये किसके घर का परदा उतार लाई?"

सगळा सेट हसला. परीक्षक हसले, पोरी हसल्या. रेशमही हसली, कारण तिथे हसावंच लागतं. त्या भागाच्या शेवटी तिला घरी पाठवलं.

शिंदेकाकू हळूच खुर्ची उचलून गेल्या. बायको म्हणाली, "चहा टाकू काका?" काकांनी मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही.

रविवारी सकाळी मी नेहमीसारखा गेलो. काका जरा वेळानं म्हणाले, "लिव्ह. नगीनाबाई यांस." मग थांबले. सप्रेम जय भीम आज आलंच नाही. "साडी चांगली होती. एवढंच लिव्ह."

मी लिहिलं. पानावर त्याच साडीची चित्रं करून लोकांनी ती खिडक्यांना, न्हाणीघरांना, बसच्या काचांना लावली होती. माझ्या ओळीखाली बघता बघता उत्तरं आली. "अंकलजी, परदा आपका था क्या?" लखनौवाल्यानं पोट धरून हसणारी तोंडं पाठवली होती.

"काय म्हणतात?"

"बदाम पाठवलेत," मी म्हणालो.

काकांनी हात पुढे केला, मोबाईल घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, बराच वेळ वाचलं आणि परत दिला. "बरं," म्हणाले.

त्यानंतर शनिवारी भिंतीपलीकडून आवाज येईना. वरच्या मजल्यावरच्या एकानं जिन्यात विचारलं, "काय काका, परदे धुतले का?" काका बाजूला सरून त्याला वाट देऊन खाली उतरले. माणूस गप्प असतो तेव्हा त्याच्याशी काय बोलावं हे मला आजवर जमलेलं नाही. मी भाजी नेऊन द्यायचो, ते डबा धुऊन परत द्यायचे.

एका रविवारी दुपारी जिन्यावरून प्रशांत आला. टेंपोवाल्याकडून त्यानं पत्ता मिळवला होता. साधा शर्ट-पँट, भुवया अर्ध्या उगवलेल्या, हातात तोच खोका. मी त्याला काकांच्या खोलीत नेलं.

"साडी धुऊन, इस्त्री करून आणलीय," तो दारातच म्हणाला. "माझ्यामुळं तिला लोक हसले. मला काकूंची माफी मागायचीय."

काकांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस. काकू नाय. ती गेली."

"कधी?"

"तू नेसायच्या आधीच."

प्रशांत खोका हातात धरून तसाच उभा राहिला. "मला सांगायचं होतंत काका. मी नसती नेसली."

"म्हणून तर नाय सांगितलं."

मग काकाच खाली बघत म्हणाले, "ती साडी एकदा चालताना बघायची होती रं. तिनं नुसती हातात धरली. टीव्हीवर तू आलास आन् मी म्हनलं, चालली. पुढचं काय मला ऐकायलाच आलं नाय. ते मागनं कळलं."

"मग इथं चालू?" प्रशांत म्हणाला. "आत्ता?"

त्यानं शर्ट-पँटवरच साडी गुंडाळली, सराईत हातांनी निऱ्या घातल्या, पदर टाकला. खोली एवढीशी, खाटेपासून दारापर्यंत चार पावलं. तो गॅलरीत गेला आणि त्या लांब गॅलरीतून सावकाश, डौलात चालत गेला आणि परत आला. दारं उघडली. शिंदेकाकू बाहेर आल्या, त्यांची सून आली. वरच्या मजल्यावरचा तो माणूस जिन्यात थांबला.

काका दारात उभे होते. प्रशांत समोर येऊन थांबला.

"चांगलं चाललास," ते म्हणाले. "पण ती अशी नाय चालायची."

"कशा चालायच्या?"

"भराभर. घाईत असायची कायम." त्यांनी हातानं काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला, पण ते जमेना. "एक खांदा खाली. असा. पिशवी असायची ना. आन् मान..." ते थांबले. मग त्यांनी चपला काढल्या आणि गॅलरीत उतरले.

जाडजूड देह, सुजलेले गुडघे. त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत नसलेल्या निऱ्या किंचित वर उचलल्या, उजवा खांदा खाली पाडला, हनुवटी पुढे काढली आणि छोटी छोटी, घाईची पावलं टाकत निघाले. मधेच नसलेला पदर खांद्यावर ओढून घेतला. मधेच कुणाच्यातरी दाराकडे बघून मान हलवली, थांबायला वेळ नाही अशी. प्रशांत त्यांच्या मागे, तसाच खांदा पाडून, तशीच पावलं टाकत. कुणी हसलं नाही. शिंदेकाकूंनी वाटेतली बादली उचलून बाजूला घेतली.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सुमनकाकू खाटेवरच होत्या. त्यांना चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.