बिनबुचाची बोट

मोटर दुरुस्त करीन, असं जावईबापू कधीच म्हणाले नव्हते. ते एवढंच म्हणाले होते, "बघतो." पण बायकोने ते "बघतो" त्याच संध्याकाळी आपल्या वडिलांच्या कानावर घातलं. सात महिने खिडकीबाहेर बघत बसण्यापलीकडे काहीही न केलेल्या त्या वडिलांनी मान वळवली आणि विचारलं, "खरंच?"

संपलं. त्या एका शब्दाने जावईबापू बांधले गेले.

सासरे निवृत्त दंतवैद्य. सासूबाई गेल्यावर लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं, आणि मागोमाग ट्रेलरवरून त्यांची जुनी स्पीडबोट आली. चौदा फुटांची बोट, तिच्या पाठीला लटकवलेली चाळीस हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर. मोटर सहा वर्षं गप्प होती, सासरे सात महिने. "हो", "नाही" आणि "पुरे" या तीन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा. त्यामुळे त्यांच्या तोंडून निघालेला हा चौथा शब्द ऐकून बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की जावईबापूंचे मागचे दोर कापलेले असतात.

जावईबापू छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांनी आजवर हाताळलेलं सर्वांत अवजड यंत्र म्हणजे स्टेपलर. (त्याचीही पिन दोनदा अंगठ्यात गेली होती.) पण पुस्तक म्हटलं की ते घाबरत नसत. मोटरचं नव्वद पानी माहितीपुस्तक त्यांनी चार संध्याकाळींत पाठ केलं आणि रविवारी सकाळी कामाला हात घातला.

अशी मोटर कोरडी चालवायची नसते. गार राहायला तिला सतत पाणी प्यावं लागतं. म्हणून ती परसात एका लाकडी घोडीवर टांगून तिचं खालचं अंग पाण्याच्या पिंपात बुडवलं. पिंप बायकोचं होतं. परवानगी नंतर घेऊ, असं ठरलं. जावईबापूंनी दोरी ओढली. दोरी आली, मोटर नाही आली. सतराव्या ओढीला मोटर सुरू झाली आणि तिने सहा वर्षांचा धूर एका दमात बाहेर सोडला. तो शेजारच्या दोरीवर वाळत घातलेल्या पाच चादरींनी आदराने स्वीकारला.

"अहो, ह्या चादरी मी धुवायला काढल्या होत्या की धुरी द्यायला?" बायको दारातून म्हणाली.

"थोडा वेळ थांब. आता स्थिर होईल."

स्थिर झाली ती बंद पडून. पुन्हा दोरी, पुन्हा धूर, पुन्हा शांतता. कार्ब्युरेटरचा स्क्रू पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दीड आटा सैल केला, तरी मोटर अडखळतच होती. एवढ्यात वरून खिडकीच्या काचेवर टकटक झाली. सासऱ्यांनी एक बोट उभं धरून किंचित फिरवलं.

"आवळू?" जावईबापूंनी ओरडून विचारलं.

मान हलली. जावईबापूंनी पाव आटा आवळला. मोटरने खोकणं कमी केलं. बोट पुन्हा फिरलं, अगदी तिळभर. जावईबापूंनी तिळभर आवळला, आणि धापा टाकणारी ती म्हातारी एकदम सुरात गुणगुणायला लागली.

खिडकी उघडली. "प्लग काढून दाखवा," सासरे म्हणाले. सबंध वाक्य! जावईबापू प्लग घेऊन जिना चढले. सासऱ्यांनी तो उजेडाकडे धरला, चष्मा वर केला आणि जुन्या सवयीने म्हणाले, "हा किडलाय. काढून टाका."

त्यानंतरचे तीन रविवार दोघे परसातच होते. नवे प्लग आले. पाणी खेचणारी रबरी पाकळी बदलली. मोटर बोटीला फार खोल लावलेली आहे, त्यामुळे ती पाण्यात नांगरासारखी ओढत राहते, हा शोध सासऱ्यांनी लावला. मग ती दोन बोटं वर घेऊन बसवली. जावईबापूंना स्वतःचा अभिमान वाटू लागला. छापखान्यात ते डबा खाताना पाव आटा, अर्धा आटा असं बोलत. सहकारी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जात.

चौथ्या रविवारी बोट तळ्यावर नेली. बायको डबा आणि थर्मास घेऊन धक्क्याच्या पायरीवर बसली. "तू नाही येत?" जावईबापूंनी विचारलं. "आधी तुम्ही परत या," ती म्हणाली. ट्रेलर पाण्यात उतरवला, बोट तरंगली, पहिल्याच ओढीला मोटर सुरू झाली. जावईबापूंनी लीव्हर पुढे ढकलला. बोटीने नाक वर केलं, क्षणभर विचार केला आणि पाण्याच्या अंगावर चढून सुसाट निघाली.

तळ्याच्या मध्यावर जावईबापूंनी वेग अगदी कमी केला. मोटरचं मंद गुणगुणणं सासऱ्यांना शांतपणे ऐकवायचं होतं. सासऱ्यांनी डोळे मिटले. जावईबापूंचा ऊर भरून आला.

"जावईबापू," सासरे डोळे मिटूनच म्हणाले, "माझे पाय ओले होताहेत."

"शिंतोडे असतील."

"घोट्यापर्यंत?"

जावईबापूंनी खाली बघितलं. शिंतोडे घोटा सोडून वर निघाले होते. बोटीच्या मागच्या भिंतीत, अगदी तळाशी, रुपयाएवढं गोल भोक असतं. बोट परसात असताना आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याचं बूच काढून ठेवतात, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी ते घट्ट बसवतात. पुस्तकात तसं ठळक अक्षरांत छापलं होतं. जावईबापूंनी ते वाक्य पाच वेळा वाचलं होतं. त्यात एकही चूक नव्हती, म्हणून पुढे गेले होते. (मुद्रितशोधक अक्षर वाचतो. अर्थ वाचायचे त्याला पैसे मिळत नाहीत.)

"बूच कुठंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"धक्क्याच्या पायरीवर. विसरू नये म्हणून डोळ्यांसमोर ठेवलं होतं."

जावईबापूंना पोहता येत नव्हतं. त्यांनी घाबरून लीव्हर पूर्ण पुढे ढकलला. बोट उसळली, आणि आश्चर्य म्हणजे आत शिरलेलं पाणी त्याच भोकातून मागच्या मागे बाहेर पडू लागलं. वेगात असेपर्यंत बोट कोरडी आणि थांबली की बुडाली, असा सरळ हिशेब होता. काठ सगळा दगडी बांधाचा. धक्क्याला लागायचं तर हळू व्हायला हवं, आणि हळू व्हायची सोय नव्हती.

मग फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीला धक्क्यासमोरून जाताना जावईबापू जिवाच्या आकांताने ओरडले, "भोक! भोक!"

बायकोने कानामागे हात धरला. "काय? भूक?" आणि तिने आनंदाने डबा उंच करून दाखवला.

दुसऱ्या फेरीला ते ओरडले, "बूच! बूच फेक!"

"थर्मासचं?" ती ओरडली, आणि तोवर बोट पार पलीकडे. पायरीवरचं ते रबरी बूच तिनेही पाहिलं होतं. थर्मासला बसेना, म्हणून ते तिने पिशवीत टाकून दिलं होतं.

तिसऱ्या फेरीला धक्क्यावर आठ-दहा माणसं जमली. ती टाळ्या वाजवत होती. एवढ्या सराईतपणे, एवढ्या वेगात, न थांबता गोल गोल जाणारी बोट त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"बाबा, पेट्रोल किती वेळ पुरेल?" जावईबापूंचा आवाज फाटला होता.

"चार फेऱ्या," सासरे म्हणाले. मग ते सावकाश गुडघ्यांवर बसले, बोटीच्या मागच्या टोकाशी सरकले आणि भोकात डोकावले. "बऱ्यापैकी मोठं आहे. रुमाल आहे?"

"आहे! पण लवकर!"

"घाई करू नका. भोक कोरडं झाल्याशिवाय भरलं की भराव टिकत नाही. अजून एक फेरी मारा."

"बाबा!"

"चाळीस वर्षं हेच केलं, जावईबापू. पेशंट हलतो, डॉक्टरने हलायचं नाही."

एक पूर्ण फेरी झाली. सासऱ्यांनी रुमालाची घट्ट गुंडाळी केली, ती पिळत पिळत भोकात बसवली, अंगठ्याने चारी बाजूंनी दाबली आणि अंगठा तिथेच ठेवला. "आता हळू."

जावईबापूंनी डोळे मिटून वेग कमी केला. (डोळे मिटून बोट चालवू नये, हेही पुस्तकात असावं.) पाणी आलं नाही. बोट धक्क्याला लागली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. जावईबापूंना दोघांनी धरून उतरवलं. आणि मागे, बोटीच्या तळाशी उकिडवे बसलेले सासरे हसत होते. आधी गालांत, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. बायको डबा हातात तसाच धरून वडिलांकडे बघत राहिली. आठ महिन्यांनी ती ते हसणं ऐकत होती.

त्या दिवसापासून सासऱ्यांना वाचा फुटली. नळ दुरुस्त करायला आलेल्याला त्यांनी ती गोष्ट सांगितली, पोस्टमनला सांगितली, दुसऱ्या घराच्या ऐवजी चुकून यांची बेल वाजवलेल्या बाईंना बसवून घेऊन सांगितली. दर वेळी फेऱ्या वाढायच्या आणि जावयाची अक्कल कमी व्हायची. जावईबापू तक्रार करत नसत. शेजारच्या खोलीत बसून ऐकत आणि चहा आत पाठवत.

महिन्याभराने सासऱ्यांनी त्यांच्या हातात चार कागद ठेवले. निवृत्त डॉक्टरांच्या मासिकासाठी त्यांनी सगळी हकीकत लिहून काढली होती.

"शुद्धलेखन तेवढं बघा," ते म्हणाले. "मजकुराला हात लावू नका."

जावईबापूंनी रात्रीच्या जेवणाआधी ते वाचून काढलं. लिखाण स्वच्छ होतं, विरामचिन्हं जागच्या जागी. चूक सबंध लेखात एकच निघाली, तिसऱ्या परिच्छेदात: "माझा जावई माणूस सोन्यासारखा, पण अगदीच मुर्ख."

'मु' ऱ्हस्व पडला होता. जावईबापूंनी पेन उघडलं आणि स्वतःच्या हाताने तो दीर्घ केला.