रावजी नाइकांचे जर्मन

रावजी नाइकांच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी जर्मन दाखवत. ओसरीच्या खुंट्यांवर ते ओळीने टांगलेले असत: काळ्या कातड्याचे, माथ्यावर टोकदार खिळा असलेले लष्करी टोप. "आधी खूण बघा, मग बसा," हे नाइकांचं स्वागत.

नाईक जव्हार दरबारच्या पागेवर होते, मी दफ्तरात कारकून. जर्मनची लढाई संपली तसे हे टोप परतलेल्या शिपायांच्या पेट्यांतून मुंबईच्या जुन्या बाजारात येऊ लागले. नाईक दरबारच्या घोड्यांसाठी खोगिरं आणायला जात आणि येताना काखेत एखादा जर्मन घेऊन येत. कुठल्याशा सुभेदाराने त्यांना टोपांच्या कपाळावरच्या पितळी खुणा शिकवल्या होत्या.

"गरुड असला की प्रशिया. दोन सिंह ढाल धरून उभे, तो बव्हेरिया. खिळ्याच्या जागी गोळा दिसला की तोफखाना. काय भाऊसाहेब, चुकलो?"

चुकले की नाही हे सांगू शकेल असा माणूस अख्ख्या जव्हारात नव्हता, त्यामुळे नाईक कधी चुकत नसत.

पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरे. मग सगळे जर्मन खोगिराचं तेल लावून चुलीवरच्या शिंकाळ्यात चढत, सुक्या बोंबलांशेजारी. त्यांची बायको जनाबाई म्हणे, "कालवणाला तेलाचा वास आन् टोप्यांना बोंबलाचा. धुवून टाकू का?"

"बोंबील धू," नाईक म्हणत.

दाभोसा गावच्या एका गड्याने टोप पाहून विचारलं, "हा कोनता राक्षस, नाईक? आमच्या बोहाड्याच्या सोंगांत नाय पाहिला." त्याला त्या दिवशी पाणीही मिळालं नाही.

मी दफ्तरात नाइकांची नक्कल करून दाखवी. लोक हसत, आणि मला ते आवडे. त्यांचा मुलगा पांडू लढाईत पलटणीच्या खेचरांच्या तांड्याबरोबर फ्रान्सला गेला होता, आणि सरकारकडून 'बेपत्ता' एवढंच कळलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण पांडू आणि टोप या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

आमच्याकडे बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे नाचतात. एकेक मुखवटा एकेका घराचा, त्या घरच्याच माणसाने नाचवायचा. नाइकांच्या घरी खंडेराव होता आणि तो पांडू नाचवी. पांडू गेल्यापासून खंडेराव फडक्यात गुंडाळून माळ्यावर पडला होता.

एका सकाळी बोहाड्याचे म्हातारे पंच लखमाबाबा आले. मी ओसरीवरच होतो.

"नाईक, देव किती वर्षं निजवायचा? तुमच्या पुतन्याला द्या. तो नाचवील."

नाइकांनी खुंटीवरचा एक टोप काढून त्यांच्या हातात ठेवला. "यंदा हा नाचवा."

"कोनत्या देवाचा?"

"देवाचा नाही. बव्हेरियाचा."

मला हसू आलं. लखमाबाबांना आलं नाही. त्यांनी विचारलं, "ह्यो कशापायी?"

नाईक टोपाकडे बघत म्हणाले, "पांडूच्या समोर हेच होते. माझ्या पोराला शेवटचं यांच्यातल्याच कुणीतरी पाहिलं. त्यांच्याबद्दल कळलं तेवढं पांडूबद्दल कळलं. बाकी कुणी काही सांगायला येत नाही." मग थांबून म्हणाले, "आणि हा ज्याचा आहे, त्याच्या बापाला तरी कोण सांगायला गेलं असेल?"

लखमाबाबांनी देवळीतली कुंकवाची कोयरी मागवली आणि मुखवट्याला लावतात तसं टोपाला बोट लावलं.

"ह्याला पन बोहाड्यात काढू. पन रीत तुमाला ठावं. मुखवटा दुसऱ्याच्या हाती देताना आधीच्या मान्साचं, गेलेल्या मान्साचं नाव घ्यायचं. त्याबिगर दाराबाहेर काढत नाय. ह्याचं नाव सांगा."

नाइकांनी टोप उलटा केला. त्यांना त्याचं राज्य ठाऊक होतं, पलटण ठाऊक होती. आतली घामाने काळी पडलेली पट्टी ते बोटाने चाचपत राहिले. जनाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

मग ते उठून आत गेले. माळ्याची शिडी करकरली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात खंडेराव होता. त्यांनी फडकं सोडलं, मुखवट्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि तो लखमाबाबांच्या ओंजळीत दिला. पण हात लगेच काढले नाहीत.

"पांडू," नाईक म्हणाले. "पांडुरंग रावजी."