गोदाक्का आणि देशमुखांची सात घरं

गोदाक्का परक्याच्या घरात शिरताना कधी 'येऊ का' म्हणत नाही. उंबऱ्याच्या आत पाय टाकते, भिंतीवर उलट्या बोटांनी टकटक करते आणि घरमालकालाच विचारते, "तुमी कधीपासून राहायलाव हितं?"

चिटगुप्प्याला एका गृहस्थाला तिनं असंच विचारलं. बिचारा दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल मोकळा.

"मी? जल्मापासून. कामून?"

"आन् तुमचा बाप?"

"त्यानं इकत घेतलंय हे घर. पर तुमी कोण?"

"देशमुखाची लेक. हे आमचं हुतं."

आत त्याच्या बायकोनं कपाटाला कुलूप घातल्याचा आवाज मला बाहेर ओट्यावर ऐकू आला. गृहस्थ साबणाच्या गालानंच कागदपत्रं, वकील, पोलीस असं काहीतरी बोलू लागला. गोदाक्कानं तिकडं लक्षच दिलं नाही. तिनं आढ्याकडं पाहिलं, कोनाड्यात ठेवलेला टीव्हीचा रिमोट पाहिला, आणि शेजारणीला सुनेचं भांडण ऐकताना व्हावा तसा आनंद तिच्या तोंडावर पसरला.

"हे बी गेलं!" ती म्हणाली. "ब्येस झालं." मग खुर्चीवर बसत, "च्या ठेवा. साखर कमी."

चहा आला. कसा आला ते मला अजून कळलेलं नाही.

हुलसूरला गोदाक्काची आणि आमची भिंतीला भिंत आहे. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. सत्तरी गाठलेली, काटकुळी, आणि जिभेला हाड नाही म्हणतात ते तिच्या बाबतीत शब्दशः खरं. मीही मास्तर, तेव्हा नवऱ्याच्या खात्यातला माणूस म्हणून तिनं माझ्यावर आणि माझ्या मोटरसायकलवर पहिल्या दिवसापासून हक्क सांगितला.

त्या पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "मास्तर, तुमचं मूळ घर कोणचं?"

"गावाच्या खालच्या अंगाला, अक्का. विहाराच्या मागं. आमच्या आज्याच्या घराची नोंद कुठल्याच कागदात नाही."

हे सांगितल्यावर देशमुखांच्या घरातली माणसं बहुधा विषय बदलतात. गोदाक्का म्हणाली, "मग तुमचं बरं हाय. इकून खायला कुणाला घावलं न्हाई." आणि आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यातली आमटी परस्पर चाखून, मीठ कमी असल्याचं माझ्या बायकोला सांगून गेली.

तिचा बाप मोठा देशमुख. गावोगाव जमिनी, आणि जमीन तिथं धान्य ठेवायला, वसुलीला गेलं की उतरायला एकेक घर. अशी सात घरं होती म्हणे. कुठल्या गावात, कोणत्या गल्लीत, हे सांगणारं माणूस कुणी उरलं नव्हतं. म्हणून गोदाक्का कागदांच्या मागं लागली होती. लोक पूर्वजांची घरं शोधतात ती अभिमानानं. फोटो काढतात, भिंतीवर लावतात. गोदाक्का मात्र वैऱ्याचा पत्ता काढावा तशी ही घरं हुडकत होती. एकात दारूचं दुकान निघालं, ती बेहद्द खूश झाली. एक रस्तारुंदीत पडलं होतं, तिनं रस्त्यावर मधोमध उभं राहून समाधानानं पान थुंकलं. मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता.

आमच्या या कर्नाटकाच्या सीमेवरच्या भागात कागद शोधणं म्हणजे तीन राज्यांत हिंडणं. जुने कागद मोडीत, निजामाच्या वेळचे उर्दूत, पुढचे कन्नडात. आणि शोधणारी म्हातारी भांडणार मराठीत. दफ्तरखान्यातला कारकून तिला लांबून पाहूनच म्हणायचा, "नाळे बन्नी, अक्का. उद्या या."

"उद्या मंजी कोणच्या साली?" गोदाक्का विचारायची आणि त्याच्याच टेबलापाशी डबा सोडून जेवायला बसायची. लसणाच्या चटणीचा वास कचेरीभर पसरला की साहेब आतून ओरडायचे, आणि कागद निघायचा.

उर्दू कागद वाचून द्यायला करीमसाब होते. निवृत्त शिक्षक, डोळ्याला जाड भिंग. ते ओळीवर बोट ठेवून वाचायचे: दगडी घर, विहीर एक, चिंचेची झाडं, बैलांचा गोठा. अक्का ऐकून घ्यायची आणि दर वेळी विचारायची, "आन् माणसं? आत कोण राहायचं ते न्हाई का लिव्हलं?"

"आदम्यां का नै लिखते, अम्मा," करीमसाब म्हणायचे. "माल का लिखते."

"चिंच लिव्हली की."

"चिंच माल है."

यावर ती करीमसाबांवर चिडायची, जणू तो कागद त्यांनीच लिहिला होता. मी मनात म्हणायचो, म्हातारीला वेड लागलंय. गावाला मात्र तसं वाटत नव्हतं. गावाचा हिशेब सरळ होता: आता बापाच्या इस्टेटीत लेकीलाही वाटा मिळतो, आणि गोदाक्का वाटा मागायची तयारी करायलीय. पानटपरीवर लोक मला बाजूला घेऊन विचारत, "मास्तर, केस कधी टाकायलेत?" पुढं पुढं मीही तेच धरून चाललो. खरं तर मला ते आवडलंही होतं. त्या घराण्यानं आयुष्यभर तिला एक चोळीचा खण दिला नव्हता. मी उदगीरच्या एका वकिलाशी बोलूनही ठेवलं होतं.

बातमी लातूरला पोचली आणि विक्रम आला. गोदाक्काच्या सावत्र भावाचा मुलगा. भाऊ वारला होता. उरलेल्या जमिनीचे प्लॉट पाडायचं काम आता विक्रमच पाहायचा. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, बुटाचाही रंग पांढरा. येताना पैठणी, पेढे आणि हक्कसोडपत्र असं तिन्ही घेऊन आला. जन्मात पहिल्यांदा तो आत्याच्या पाया पडला, आणि सवय नसल्यामुळं चुकून आधी माझ्या पाया पडायला निघाला.

"आत्या, फक्त एक सही," तो म्हणाला. "उद्या रजिस्ट्री ऑफिसात फोटो आन् अंगठा. तुमाला काई कमी पडू देणार न्हाई."

मी अक्काला डोळ्यानं खुणावलं, सही करू नका. रस्त्याकडेची जमीन होती. तिच्या वाट्यात तिचं म्हातारपण सोन्याचं झालं असतं. निदान गळकं छप्पर तरी बदललं असतं.

गोदाक्कानं पैठणी हातात घेतली, पदर उलगडून पाहिला, घडी घातली.

"सही करते. पर मला एक सांग," ती म्हणाली. "माझी आई कोणच्या घरात हुती?"

विक्रमला प्रश्नच कळला नाही. "कुणाची आई?"

"माझी. तुझ्या आज्याची पयली बायको."

मलाही हे नवीन होतं. इतक्या वर्षांच्या शेजारात तिच्या तोंडून मी आईचं नाव ऐकलं नव्हतं. ती बोलत होती विक्रमशी, पण पाहत होती हातातल्या पैठणीकडं.

"चार वर्षाची हुते मी. मुलगा न्हाई मनून बापानं तुझी आजी करून आणली. दारात बैलगाडी जुंपली आन् आईला मनले, चल, दुसऱ्या घरी. मी गाडीमागं पळाले तर गड्यानं उचलून आणलं. आई कुठाय इचारलं की सगळे मनायचे, दुसऱ्या घरी गेलीय, येईल की. मी रोज इचारायचे. दुसरं घर कोणचं ते कुणी सांगिटलं न्हाई. मग एक दिस मनले, मेली. मला आंघूळ घातली, संपलं. तुझ्या घरात कुणाला तरी म्हाईत असंल."

विक्रमनं घड्याळात पाहिलं. मग त्यानं विचारलं, "नाव काय हुतं त्या आजीचं?"

"तुळसा."

"आईला इचारून बघतो," म्हणत तो उठला. अक्काच्या बाजेवर कागदांची चळत होती, तिच्या बाजूनं बाहेर गेला. फोन कानाला लावून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि परत आला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"आत्या, आई सांगायलीय, तुळसाआजी जनवाड्याच्या घरी हुत्या. शेवटपर्यंत तिथंच हुत्या. चांगलं सांभाळलं मने त्यांना."

गोदाक्कानं त्याच्याकडं पाहिलं, मग बाजेवरच्या कागदांकडं. मग म्हणाली, "आण कागद."

मी मधे पडलो. "अक्का, वकिलाला दाखवू तरी!" तिनं मला हातानंच बाजूला सारलं आणि सही केली. देशमुखांच्या सगळ्या जमिनीवरचा हक्क म्हातारीनं एका गावाच्या नावासाठी सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन अंगठाही दिला. मी इतका संतापलो होतो की दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं ते लक्षातही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभी. "मास्तर, गाडी काढा. जनवाड्याला जायचंय."

तिच्या मांडीवर पिशवी होती. वाटेत तिनं ती एकदाही खाली ठेवली नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. पुढं नवा स्लॅब, निळा रंग. मागं जुन्या दगडाची एकच खोली शिल्लक, तिच्यात सोयाबीनची पोती. ओट्यावर एक तिशीतली बाई तूर निवडत होती, मंगला नावाची. अक्काला उन्हातनं आलेली पाहून तिनंच पाट दिला, पाणी दिलं.

"कुणाकडं आलाव, अक्का?"

"हितं माझी आई राहायची," गोदाक्का म्हणाली. "लई दिस झाले."

मंगला जरा बावरली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, अक्काचा हात धरून तिला मागच्या खोलीत नेलं. एक पोतं सरकवून बसायला जागा केली. मी दाराशीच थांबलो. गोदाक्का भिंतीला टेकून बसली. रडली वगैरे नाही. तिनं पिशवीतनं हिरव्या बांगड्या काढल्या, हळदीकुंकू काढलं, आणि विक्रमनं आणलेली पैठणी काढली.

"आई सवाशीण गेली," ती म्हणाली. "तिच्या नावानं घे, बाई. न्हाई मनू नको."

मंगलानं पदर पुढं केला. कुंकू लावून घेतलं, वाकून पाया पडली. उठताना म्हणाली, "आमची सासू सांगायची, अक्का. मागं हितं एक बाई हुती मने, देशमुखाची. लई चांगली हुती. लेकराची सारखी आठवण काढायची."

गोदाक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर आम्ही तिथंच जेवलो, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. गोदाक्कानं कशालाच नाव ठेवलं नाही. निघताना मंगला फाट्यापर्यंत आली.

परतीच्या वाटेवर एका झाडाखाली मी गाडी थांबवली. माझा राग गेला होता. मी म्हणालो, "अक्का, मी उगाच चिडलो. विक्रमनं निदान खरं सांगितलं."

"खोटं बोलला तो," गोदाक्का म्हणाली.



"जनवाड्याचं घर माझ्या आज्यानंच इकलं हुतं. आईचं लगीन व्हायच्या आधी. करीमसाबनी वाचून दाखिवलं तवा तुमी च्या प्यायला गेल्ता. तोच कागद बाजेवर सगळ्यात वर हुता, गावाचं नाव मीच लिव्हलेलं. त्यानं बाहेर जाता जाता बगिटलं. फोन बी त्यानं कुणाला लावला नव्हता."

"आणि मंगलाची सासू?"

"ती बी खोटंच बोलली. चांगली हाय पोरगी."

तिनं पिशवीची घडी घातली, आणखी लहान घडी घातली.

"मग सही कामून केलीत, अक्का? सगळं माहीत असून?"

"बाकीची घरं बगून झाली, मास्तर. कुठं दारू इकायलेत, कुठं गाड्या पळायलेत. कुणाला काई म्हाईत न्हाई, आन् आता कळायचं बी न्हाई." ती रस्त्याकडं पाहत होती. "त्या पोरानं तिचं नाव घिऊन एक गाव तरी सांगिटलं. आईला कुठंतरी ठेवायचं हुतं मला."

मी गाडीला किक मारली. ती मागं बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पडू नये म्हणून ठेवतात तसा.