ब्रेक गुरगुरतो तेव्हा

या हिवाळ्यात बर्फाला घाबरायचं नाही, असं रोशनीने ऑक्टोबरातच जाहीर करून टाकलं होतं. नुसतं जाहीर करून थांबली नाही, दोनशे पानी वहीसुद्धा घातली. वहीत बर्फात गाडी चालवण्याच्या चौदा व्हिडिओंचा सारांश होता, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा होत्या. गाडीच्या डिकीत फावडं, दोन ब्लँकेटं, मेणबत्त्या, खारे शेंगदाणे आणि चार वर्षांच्या लेकीचा, अंतराचा, कपड्यांचा एक जोड.

"आपल्याला लायब्ररीत जायचंय की उत्तर ध्रुवावर?" तिच्या नवऱ्याने, प्रफुल्लने विचारलं.

"हस तू. अडकलो की शेंगदाणे मागू नको फक्त."

अमेरिकेतल्या या नेपरव्हिलला जानेवारीत आकाश असं नसतंच. घरांच्या छपरांवर एक मळकी चादर टाकून ठेवलेली असते, ती मार्चपर्यंत कुणी काढत नाही. मागचा अख्खा हिवाळा रोशनीने त्या चादरीखाली खिडकीशी बसून काढला होता. पोस्टमन किती वाजता येतो, बर्फ काढणारा ट्रक कोणत्या कोपऱ्यावर वळतो, हे तिला पाठ झालं होतं. नागपूरला असताना ती कॉलेजात शिकवायची. इथे दिवसभरात तिच्याशी बोलणारी मोठी माणसं दोनच, प्रफुल्ल आणि तो पोस्टमन, आणि पोस्टमन नुसता हात हलवायचा. एक नोकरी मिळत होती, तीही तिने सोडली. कारण काय, तर वाटेत एक उतार होता आणि उतारावर बर्फ.

यंदा मात्र लायब्ररीच्या लहान मुलांच्या विभागात काम मिळालं होतं. सोमवारपासून यायचं. मुलाखतीत बाईंनी विचारलं होतं, "हिवाळ्यात यायला काही अडचण?" रोशनी चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाली होती, "आय लव्ह स्नो." खोटं बोलणं तिला एरवी जमत नाही, त्या दिवशी कसं जमलं कोण जाणे. आता हीही नोकरी बर्फापायी गेली, तर पुढे आपण खिडकीपासून उठणारच नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं.

गाडी होती दोन हजार चारची, राखाडी, आकाशाच्याच रंगाची. ही गाडी उन्हाळ्यात मोनाच्या मूव्हिंग सेलमधून आली होती. मोना आणि ऋषी बारा वर्षं राहून पुण्याला परत गेले, आणि परत जाणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा संसार इतर मराठी घरांत वाटला गेला. गाडीबरोबर राइस कुकर आला, कढीपत्त्याचं झाड आलं आणि सगळ्या वस्तूंच्या खोडी लिहिलेला एक कागदही आला. तो कागद रोशनीने नीट घडी करून कुठेतरी जपून ठेवला. जपून ठेवल्यामुळे नंतर तो दिसला नाही.

गुरुवारी दुपारी पहिला बर्फ पडला. जेमतेम दोन बोटं. अंतराला प्रीस्कूलमधून घेऊन रोशनी सायकलच्या वेगाने घरी निघाली होती. गल्लीच्या तोंडाशी स्टॉपची पाटी आली, तिने ब्रेक दाबला. आणि ब्रेकने तिचा पाय उलटा ढकलला.

खालून घर्रर्र असा आवाज आला. तळव्याखाली जुना मिक्सर कोरडे शेंगदाणे दळत असावा, तसा पाय थरथरायला लागला. गाडीचं काहीतरी तुटतंय, आणखी दाबलं तर पुरतंच तुटेल, असं वाटून रोशनीने झटकन पाय उचलला. त्यासरशी आवाज बंद झाला आणि गाडी मोठ्या समाधानाने पाटीच्या पुढे निघून गेली. चौकात कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. समोरच्या लॉनवर हवा भरलेला एक प्लास्टिकचा स्नोमॅन उभा होता. गाडी त्याच्या पोटाला टेकून थांबली. स्नोमॅन हळूच बॉनेटवर झुकला आणि काचेतून आत बघू लागला.

"मम्मा," अंतरा मागून म्हणाली, "द कार ग्राउल्ड ॲट यू."

घरी आल्यावर रोशनीने प्रफुल्लला आवाज तोंडाने काढून दाखवला, दोनदा. प्रफुल्ल सॉफ्टवेअरच्या चाचण्या करतो. त्याने लॅपटॉपवरून मान वर न करता सांगितलं, "अगं, ते एबीएस आहे. चाक लॉक होऊ नये म्हणून ब्रेक स्वतःच धरतो-सोडतो. काऊन घाबरतेस? फीचर आहे ते."

इथेच सगळं बिनसलं. कारण प्रफुल्ल प्रत्येक गोष्टीला फीचर म्हणायचा. बाथरूमचा नळ गळतो, तर फीचर. गॅरेजचं दार अर्ध्यावर थांबून विचार करतं, तर तेही फीचर. लग्नात त्याचे काका जेवायच्या आधीच रुसले होते, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. आयुष्यात एकदाच त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि नेमकं तेव्हाच रोशनीने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

तिने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस उत्तरं आली. कुणी म्हणालं ब्रेक ऑइल बदला, कुणी म्हणालं गाडी बदला. दक्षिणेतल्या उबदार प्लेनोला राहणाऱ्या एकाने सुचवलं की राज्यच बदला. एका सज्जनांनी बंद करून पुन्हा चालू करून बघितली का, असं विचारलं, आणि त्याला अकरा अंगठे पडले. रोशनीने कंटाळून फोनच्या सगळ्या घंटा बंद करून टाकल्या. त्या घंटा पुन्हा सुरू करायच्या राहून गेल्या, हे पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

त्रेचाळीसांत एकच उत्तर ठाम होतं, सुभाषकाकांचं. 'रविवारी सकाळी नऊ. बंद पडलेल्या दुकानाचं पार्किंग. मी शिकवतो.'

सुभाषकाका अमेरिकेत पस्तीस वर्षं आहेत आणि त्यांनी मंडळातल्या निम्म्या लोकांना काही ना काही शिकवलेलं आहे. पोहणं, टॅक्स भरणं, बार्बेक्यू. लोक ते विसरून पुन्हा नीट शिकतात, ती गोष्ट वेगळी.

रविवारी पार्किंग फुटबॉलच्या चार मैदानांएवढं पांढरं पडलं होतं. माणूस नाही, पक्षी नाही, दुकानाच्या पाटीतली दोन अक्षरंही गळून गेलेली. काकांनी आपली ऑक्टोबरात घेतलेली नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी लांब, पार पलीकडच्या टोकाला नेऊन लावली. "कुणाचा धक्का नको," ते म्हणाले. मग कानटोपी सारखी करत रोशनीच्या शेजारी बसले. मागे प्रफुल्ल आणि कारसीटमध्ये अंतरा.

"काका, ही गाडी एबीएसची आहे हां," प्रफुल्ल म्हणाला. "ब्रेक दाबून धरायचा असतो."

"प्रफुल्ल, तू कोणत्या साली आलास?"

"दोन हजार सोळा."

"मी एक्याण्णव साली मिशिगनमध्ये गाडी चालवत होतो. ऐक रोशनी. बर्फात ब्रेक धरून ठेवलास की मेलीस. दाब-सोड, दाब-सोड. आणि चाक वळवायचं नाही, गाडी गरगर फिरते. नाकासमोर जायचं."

रोशनीने हे वहीत लिहून घेतलं आणि खाली लाल रेघ मारली. मग गाडी वीसच्या वेगात आणली.

"हं, दाब!"

ब्रेक गुरगुरला.

"सोड! दाब! सोड!"

लेझीमच्या तालात धडा सुरू झाला. दाबलं की गाडी थांबायचा विचार करायची, आणि विचार पक्का होतोय न होतोय तोच काका 'सोड' म्हणायचे. पार्किंग हळूहळू संपत चाललं. पलीकडच्या टोकाला एक पांढरी वस्तू होती, ती मोठी व्हायला लागली. आधी तिला चाकं आली, मग आरसे.

"काका, वळवू का?"

"अजिबात नाही. नाकासमोर. दाब!"

"काका, नाकासमोर तुमची गाडी आहे."

"सोड! दाब! सोड... अगं, ती माझी..." काका हडबडले. त्यांना 'दाब' म्हणायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण एकदा ताल धरला की तोंड स्वतःच चालतं. "सोड!" ते ओरडले.

रोशनी आज्ञाधारक. तिने सोडला.

टक. अगदी छोटासा आवाज, वाटीवर चमचा आपटावा तसा. चार मैदानांएवढ्या जागेत एकुलती एक गाडी उभी होती, आणि ती त्यांना बरोबर सापडली होती.

"अगेन," अंतरा टाळ्या वाजवत म्हणाली.

काका खाली उतरले. बंपरला वाटीएवढा खोलगट पोचा आला होता. त्यावरून त्यांनी हातमोजा काढून बोट फिरवलं. रोशनी दहा वेळा सॉरी म्हणाली, अकराव्या वेळी तिला रडू फुटलं.

"तू रडू नकोस गं," काका अगदी हळू आवाजात म्हणाले. "चूक माझी आहे. फक्त तुमच्या काकूला, लताला सांगू नका. पार्किंगमध्ये उभी असताना कुणीतरी ठोकली, असं सांगेन मी."

आणि त्यात खोटं एक अक्षरही नव्हतं.

घरी येऊन रोशनीने कोट न काढता फोनवर मेल लिहायला घेतला. वैयक्तिक कारणांमुळे उद्यापासून रुजू होता येणार नाही, क्षमस्व. इंग्रजीत ते फारच सभ्य वाटत होतं. उभ्या असलेल्या गाडीला जी धडकते, तिने दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवू नयेत आणि स्वतःच्या मुलीला तर गाडीत घालूच नये. खिडकी होतीच. पोस्टमनही होता. तिने मेल ड्राफ्टमध्ये ठेवला. पाठवायच्या आधी एकदा मोनाला गाडीबद्दल चार शब्द ऐकवावेत म्हणून पुण्याला फोन लावला.

"तुझ्या गाडीचा ब्रेक मोडका आहे, मोना. विकताना सांगायचं तरी ना यार."

"मोडका कुठला? लिहून दिलं होतं की तुला. नंबर नऊ."

"कसला नंबर नऊ?"

"कागद, कागद. राइस कुकरच्या खोक्यात घालून दिला होता मी, तिथेच बघ."

राइस कुकरच्या रिकाम्या खोक्यात, थर्मोकोलच्या खाली, कागद होता. रोशनी खोकल्याच्या औषधाबरोबरचं बारीक अक्षरातलं पत्रक मागूनपुढून वाचणारी बाई. तिने मोनाचा कागद मात्र 'नंबर एक: भाताला पाणी दीड वाटी' एवढाच वाचून मिटला होता. खाली मोनाच्या गोल अक्षरात होतं:

'नंबर नऊ: बर्फात ब्रेक दाबला की पाय थरथरेल, घरघर आवाज येईल. जुनी गाडी आहे, नव्यापेक्षा जास्त ओरडते. ओरडू द्या. जोरात दाबून धरा, सोडू नका. हवं तिकडे वळवता येतं. लवकर थांबेलच असं नाही, म्हणून पुढच्या गाडीपासून लांब राहा. मी पहिल्या वर्षी पाय उचलला होता, शेजाऱ्यांची कचरापेटी गेली.'

रोशनीने ते तीनदा वाचलं. शेवटची ओळ तिने पाच वेळा वाचली.

"मी हेच म्हणत होतो," प्रफुल्ल मागून म्हणाला.

"तू फीचर म्हणत होतास," रोशनी म्हणाली. "तिने कचरापेटी लिहिली."

सोमवारी पहाटेपासून बर्फ पडत होता, आणि हे दोन बोटांचं प्रकरण नव्हतं. घोट्याएवढा थर साचला होता. प्रफुल्ल घरूनच काम करणार होता, अंतराला प्रीस्कूलला सोडायचं त्याच्याकडे. रोशनी एकटीच निघाली. मांडीवर नंबर नऊ. रस्त्यावर गाड्या जवळजवळ नव्हत्याच. लोक किती घाबरट असतात, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आणि मग तो उतार आला, मागच्या वर्षीचाच. खाली सिग्नल. तो लाल झाला.

तिने ब्रेक दाबला. गाडी गुरगुरली, पाय थडथडला, डॅशबोर्डवरची चिल्लरसुद्धा नाचली. अंगातली प्रत्येक नस सांगत होती, उचल. "सोडू नका, सोडू नका," रोशनी मोठ्याने म्हणत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते येऊ दिलं. गाडी कडेला झुकली, तिने चाक जरासं वळवलं, आणि गाडीने चक्क ऐकलं. ओरडत, कण्हत, उतार मोजत ती खाली आली आणि चौकाच्या हातभर अलीकडे थांबली.

सगळं एकदम शांत झालं.

सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागून बर्फ काढणाऱ्या ट्रकने अगदी संकोचून हॉर्न वाजवला. रोशनीचा पाय अजून ब्रेकवरच होता. सोडायचा कधी, ते मोनाने लिहिलं नव्हतं.

नऊला पाच मिनिटं कमी असताना ती लायब्ररीच्या पार्किंगमध्ये शिरली. एकही गाडी नव्हती. सगळ्यांच्या आधी पोचले, असं मनाशी म्हणत ती दारापर्यंत चालत गेली. आत अंधार होता. पुस्तकं परत टाकायच्या पेटीवर बर्फाची उंच टोपी चढली होती. दारावर कागद चिकटवलेला होता: हवामानामुळे आज बंद.

तिने फोन काढला. सकाळी सहाचा मेल होता: बर्फ फार आहे, आज कुणीही घराबाहेर पडू नये, उद्या भेटू. त्रेचाळीस तज्ज्ञांपायी बंद केलेल्या घंटा अजून बंदच होत्या. त्या मेलच्या खाली तिचा कालचा ड्राफ्ट होता. तो तिने काढून टाकला.

तेवढ्यात फोनवर प्रफुल्लचं नाव उजळलं.

"पोचलीस?"

"पोचले."

"वा रे वा. इकडे अंतराचं प्रीस्कूल बंद आहे, आत्ता मेल बघितला. म्हटलं, तुमचं तरी चालू आहे ना?"

रोशनीने अंधाऱ्या दाराकडे बघितलं. मग त्या कोऱ्या पांढऱ्या मैदानातून आलेल्या एकुलत्या एक चाकोरीकडे, जी सरळ येऊन, वळून, दोन खांबांच्या मधोमध थांबली होती.

"चालू आहे," ती म्हणाली.

"लोक कसे आहेत?"

पेटीवरची बर्फाची टोपी जराशी कलली.

"चांगले आहेत," रोशनी म्हणाली. "फार बोलत नाहीत."