देवरामनानांचं इंजिन बसलं

देवरामनानांच्या लाल स्पोर्ट्स कारला भडगावात सगळ्यांनी मागे टाकलंय. दूधवाल्याने, केळीच्या घडांनी लादलेल्या ट्रॅक्टरने, आणि एकदा तर बँडसकट चाललेल्या वरातीने. नानांना त्याचं काही वाटत नाही. काच खाली करून ते हात दाखवतात आणि म्हणतात, "जाय भाऊ, तू जाय. माले काय घाई शे?"

माझं घर त्यांच्या घराला लागून. मी शाळेत मास्तर, ते केळीचे बागायतदार, वय अडुसष्ट. वडील लवकर गेले. मागे तीन धाकट्या बहिणी. त्यांची लग्नं, बाळंतपणं, भाच्यांची शिक्षणं करता करता नानांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. विचारलं तर म्हणतात, "सगळासना नंबर लागी गया. मना नंबर उना तं खिडकी बंद."

गेल्या दिवाळीत त्यांनी ही गाडी आणली. दोन सीटची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. आत शिरताना नाना आधी बूड टेकवतात, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतात. डोक्यावरची टोपी छताला लागते म्हणून ती शेजारच्या सीटवर ठेवतात. गावाने विचारलं, नाना, या वयात ही कसली हौस? नाना म्हणाले, "ट्रॅक्टर पोटसाठे लिधा. जीप भाच्यांसाठे लिधी. हाई मनासाठी."

यंत्रालाही जीव असतो, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या घरी मिक्सर एका दमात कधी चालत नाही. चटणी वाटताना त्याला मध्ये विश्रांती मिळते. पंख्याला सकाळी सुट्टी असते. गाडी सुरू केली की नाना बराच वेळ अंगणातच बसून राहतात. मी एकदा कंटाळून म्हटलं, "नाना, निघायचं ना?" तर म्हणाले, "तिले जागी तं व्हऊ दे."

एवढ्या लाडाच्या गाडीचं इंजिन वर्षाच्या आत बसलं. पोळ्याच्या सुमाराला आम्ही दोघं पाचोऱ्याहून येत होतो. गिरणेच्या पुलाच्या अलीकडे कढईत शेंगदाणे तडतडावेत तसा आवाज आला, आणि गाडी गप्प झाली. नानांनी उतरून बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. तेवढ्यात मागून गुलाब दूधवाला आला. नेहमीप्रमाणे पुढे निघून गेला, मग चमकून परत आला आणि आम्ही तिघांनी गाडी कडेला लोटली.

शोरूम नाशिकला. गावातल्या पोरांनी तोवर बेत आखला: गाडीला गाढवं जुंपायची, पुढे बँड लावायचा आणि शोरूमच्या दारात न्यायची. म्हणजे कंपनीची अब्रू जाईल. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिमार माणूसनी वरात काढतस का?" मग ट्रक बोलावला, गाडीवर स्वतःची चादर घातली आणि तिला रवाना केलं.

आठवड्याने शोरूममधून फोन आला. इंजिन बेफाम वेगाने पळवल्यामुळे निकामी झालंय, वॉरंटीत बसत नाही.

ही बातमी गावात पसरली तेव्हा चहाच्या टपरीवर लोक ठसका लागेपर्यंत हसले. देवरामनाना आणि बेफाम! गुलाब मात्र चिडला. दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्याबरोबर तो नानांच्या दारात हजर. "चला नाशिकला. मी साक्ष देतो."

आम्ही तिघं गेलो. शोरूममध्ये काचेच्या खोलीत एक तरुण मॅनेजर होता. वागायला नम्र. गुलाब त्याला म्हणाला, "साहेब, मी सकाळी दूध घेऊन यांच्या मागे सापडलो, तर गिऱ्हाइकाच्या दारात दही घेऊन पोचतो." मी मास्तर असल्याचं सांगून त्याला दुजोरा दिला. मॅनेजरला हसू आवरेना. तो म्हणाला, "नाना, माझी खात्री पटली. फक्त तुमच्या तोंडून ऐकतो आणि वर कळवतो. गाडी एकदाही जोरात चालवलेली नाही, बरोबर?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एकदा चालवली."

"किती जोरात?"

"काटा जिथं संपतो तिथपर्यंत. धुळ्याच्या रस्त्याला."

गुलाबने माझ्याकडे पाहिलं. मॅनेजरचं हसू मावळलं. "कशासाठी?"

"आली लहर," नाना म्हणाले आणि टोपी परत डोक्यावर घातली.

बाहेर आल्यावर गुलाबने नानांशी अबोला धरला. मलाही राग आला होता. "नाना, नाही म्हटला असतात तर काय बिघडलं असतं?"

"गाडीना इलाज कराना शे, मास्तर. डॉक्टरले खोटं सांगीसन कसं चाली?"

पण निकाल नानांच्या बाजूने लागला. कंपनीच्या इंजिनिअरने इंजिन खोललं, तर ऑइल पंपच मुळात सदोष निघाला. तेल पुरतं पोचतच नव्हतं. त्याने फोनवर सांगितलं, "एक दिवस पळवल्याने असं होत नाही. ही गाडी पळवायलाच बनवलीय. उलट तुम्ही इतकी हळू चालवली म्हणून एवढे दिवस टिकली." नवीन इंजिन बसलं. गाडी आणायला नानांबरोबर मी गेलो.

येताना मालेगावला चाळीसगावचा फाटा आला. आमची वाट तिकडून. नाना सरळ निघाले.

"नाना, फाटा मागे राहिला."

"वच्छीकडे जाऊ. धुळ्याले."

वच्छी म्हणजे वत्सला, सगळ्यात धाकटी बहीण. थोडं पुढे गेल्यावर नाना आपणहून म्हणाले, "उन्हाळ्यात तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. एकदम उभं राहिलं. भाच्याचा फोन आला, मामा, डॉक्टर खोळंबलेत, पण आई आत जाईना. म्हणते, नाना आल्याशिवाय जाणार नाही."

"मग?"

"मंग काय. पळाडी गाडी."

"हे मॅनेजरला सांगायचं होतं ना. त्याने समजून घेतलं असतं."

"वच्छीचं दुखणं पुढे करीसन इंजिन मांगू का?"

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत पुढे गेला. नानांनी त्याला हात केला, पण लक्ष त्यांचं रस्त्यावरच होतं. "कुठं पोचलो, कधी पोचलो, मास्तर, मला कोण विचारणार? त्या दिवशी पहिल्यांदा कोनी मनासाठी, ह्या नानासाठी थांबेल व्हतं."



धुळ्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. फाटकात वत्सलाअक्का उभ्या. गाडी थांबायच्या आत त्यांनी सुरू केलं, "दुपारनं जेवण सांगं व्हतं ना? आते दिवे लागी गयात. भरीत गार व्हयनं. फोन नही, काही नही. मी कव्हापासून दारमा उभी शे."

नानांनी एक पाय बाहेर काढला होता, दुसरा आतच होता. अक्का बोलत होत्या. नाना तसेच बसून राहिले, खाली मान घालून. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा काही खुलला होता की मी नजर दुसरीकडे वळवली. अक्कांचं रागावणं पुरतं संपेपर्यंत त्यांनी दुसरा पाय काही बाहेर काढला नाही.