हिरव्या डबीतले छर्रे

रक्ताचा रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून उभा केलेला होता. तो न वाचता घड्याळजींना मीठ घेता येऊ नये, अशी व्यवस्था होती. त्यांची बायको बावीस वर्षे रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी करत होती आणि मागच्या आठवड्यात तिने नवऱ्याचे रक्त त्याला विचारून, पण कशासाठी ते न सांगता, काढून नेले होते.

"शिसं," ती म्हणाली. "असायला हवं त्याच्या दुप्पट."

"मशीन बिघडलं असेल."

"मशीन ठणठणीत आहे. सवय बिघडलीय तुमची."

सवय खरोखरच बिघडलेली होती. तीस वर्षे घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात दोनच असतात आणि दोन्ही कामात असतात, त्यामुळे बारीक स्क्रू ओठांत धरावा लागतो. घड्याळजी दुकानात स्क्रू ओठांत धरत आणि संध्याकाळी नेमबाजी क्लबात गेले की एअर रायफलचे शिशाचे छर्रे तितक्याच सहजतेने ओठांत धरत. एक बंदुकीत, चार ओठांत. अशा अवस्थेत ते गप्पाही मारू शकत.

"आजपासून शिसं बंद," बायकोने निकाल दिला आणि पिशवीतून एक हिरवी डबी काढली. "हे कथलाचे छर्रे. शिशाचा कणही नाही यात. हे खुशाल ओठांत धरा, चघळा, माझं काही म्हणणं नाही."

"अगं, पण पुढच्या रविवारी निवड आहे!"

हे मात्र गंभीर होते. क्लबाच्या संघात चार जण जात आणि पाचवा राखीव म्हणून बाकावर बसे. गेली सहा वर्षे घड्याळजी पाचवे येत होते. क्लबात त्यांना आता कोणी घड्याळजी म्हणतही नसे. "राखीव आले का?" अशीच चौकशी होई, आणि ते "आलो" म्हणून ओ देत. हे "आलो" म्हणताना त्यांना दर वेळी थोडे वाईट वाटे, पण तसे त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. यंदा चौथा गडी गाव सोडून गेला होता. जागा रिकामी होती.

"निवड छर्ऱ्यांची आहे की तुमची?" बायकोने विचारले.

जुन्या छर्ऱ्यांची लाल डबी क्लबाला देऊन टाकली, असे त्यांनी घरी सांगितले. प्रत्यक्षात ती त्यांनी दुकानात, एका लंबकाच्या घड्याळाच्या पोटात लपवली. त्या घड्याळाचा मालक तीन वर्षांत फिरकला नव्हता, त्यामुळे ती जागा सुरक्षित होती.

मग त्यांनी दुकानामागच्या लांब बोळकांडीत कथलाचे छर्रे मारून पाहायला सुरुवात केली. प्रामाणिकपणे, हे मुद्दाम सांगायला हवे. कथील शिशापेक्षा हलके, त्यामुळे छर्रे सुसाट जात आणि नेम धरल्या जागेच्या वर लागत. त्यांनी बंदुकीवरची नेम धरायची साइट दोन खटके खाली घेतली. मग छर्रे डावीकडे जाऊ लागले. साइट उजवीकडे घेतली, तर एक छर्रा मधोमध लागला आणि पुढचा कागदालाच लागला नाही. शनिवारपर्यंत त्यांची मजल शंभरात एक्क्याऐंशीपर्यंत गेली. एक्क्याऐंशीवर राखीवही कोणी करत नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी चिडून आणखी एक छर्रा मारला. शिसे पत्र्यावर आदळले की चपटे होऊन मुकाट्याने खाली पडते. कथील कडक असते. छर्रा कागदाच्या मागच्या लोखंडी पत्र्यावरून तिरका उडाला, उघड्या दारातून दुकानात आला आणि लंबकाच्या घड्याळाची काच फोडून थांबला. काचेचे तुकडे झाडताना घड्याळजींना फुटक्या जागेतून लाल डबी दिसली. डबी सरळ त्यांच्याकडेच बघत होती. मग त्यांनी साइट पूर्वीच्या जागी आणली, हिरवी डबी रिकामी केली आणि तीत शिशाचे छर्रे भरले.

पाप एवढेच होते. दहा छर्रे मारायचे, संघात जायचे आणि सोमवारपासून सज्जन व्हायचे.

रविवारी सकाळी ते अंघोळ करून बाहेर आले, तर बायको बाहेर जायच्या साडीत तयार बसली होती.

"तू कुठे?"

"क्लबात. सेक्रेटरींनी बोलावलंय. शिशाबद्दल पाच मिनिटं बोला म्हणाले."

गेल्या वीस वर्षांत ती क्लबाच्या पायरीवर चढली नव्हती. घड्याळजींनी हिरवी डबी उचलून खिशात टाकली. खिसा जरा जास्तच लोंबला.

क्लबात फळ्यावर खडूने लिहिले होते: 'विषय : बिनशिशाचे छर्रे वापरण्यात काही अर्थ आहे का?' सेक्रेटरी हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. प्रत्येक गोष्टीचा ठराव केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घड्याळजींच्या बायकोने पाच मिनिटांत शिसे रक्तात कसे जाते, हाडांत कसे बसते आणि हातांना लागून घरच्या ताटापर्यंत कसे येते, ते सांगितले. सभासद आपापले हात न्याहाळू लागले.

दाताचे डॉक्टर उठले. क्लबात दर वर्षी तेच पहिले येत.

"वहिनी, तब्येतीचं सगळं मान्य. पण नेमाचं काय? कथील डाग द्यायला ठीक आहे. बंदुकीला शिसंच लागतं. मऊ असतं, नळीत नीट बसतं."

"वाद कशाला?" सेक्रेटरी म्हणाले. "वहिनी सांगतात, आपले राखीव आठवडाभर कथलाचेच वापरतायत. आज त्यांची निवडही आहे. ते दहा मारतील, तीच परीक्षा. काय राखीव?"

तेरा सभासद घड्याळजींकडे पाहू लागले. त्यांनी खिशातून हिरवी डबी काढली आणि कोणाला आतले दिसू नये म्हणून अर्धीच उघडली.

पहिला छर्रा सवयीने ओठांपर्यंत गेला आणि तिथे थबकला. तो तसाच खाली आणून त्यांनी बंदुकीत घातला. दहा. दुसरा ओठांपर्यंत गेला, खाली आला. दहा. मागे खुर्चीत बायको बसली होती, शेजारी तिघा सभासदांच्या बायका होत्या आणि घड्याळजींना मानेवर घाम फुटला होता. पण भीतीने माणसाचा श्वास थांबतो, आणि नेमबाजीत श्वास थांबवणे हेच मुख्य काम असते. दहा छर्रे संपले तेव्हा सेक्रेटरींनी कार्ड तीनदा मोजले.

"सत्त्याण्णव!"

जन्मात त्यांनी एकोणनव्वदच्या वर मारले नव्हते. दाताच्या डॉक्टरांचे त्या दिवशी चौऱ्याण्णव होते, शिशाचे.

"कथलाने सत्त्याण्णव?" डॉक्टर पुढे आले. "राखीव, पाच छर्रे द्या बरं. मला बघू द्या."

"नाही चालायचे तुम्हाला," घड्याळजी डबीवर हात ठेवून म्हणाले. "प्रत्येक नळीची आवड वेगळी असते हो. माझ्या नळीला हे मानवलेत."

"अहो, निदान दाखवा तरी!" डॉक्टरांनी हात पुढे केला.

तेवढ्यात बायको उठून आली, तिने डबी उचलली, झाकण घट्ट लावले आणि पर्समध्ये टाकली. "ही मला लॅबमध्ये न्यायचीय, डॉक्टर. तपासायला. तुम्ही नवीन मागवा."

लॅबचे नाव काढल्यावर डॉक्टरांचा नाइलाज झाला. "आकड्यांपुढे मी काय बोलणार," म्हणून त्यांनी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला. क्लबात यापुढे शिसे नाही, पंधरा दिवसांनी होणारा सामनासुद्धा बिनशिशाच्या छर्ऱ्यांनीच, आणि सभासदांना मार्गदर्शन करतील घड्याळजी. सेक्रेटरींनी त्यांना सहा वर्षांत प्रथमच घड्याळजी म्हटले. त्यांना रडू यायच्या बेतात होते, आणि लोकांना ते आनंदाचे वाटले.

दोघे घरी निघाले.

"केव्हा कळलं?" दुसऱ्या चौकात त्यांनी विचारले.

"सकाळीच. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा डबी पुसायला उचलली. बावीस वर्षं रक्ताच्या नळ्या उचलतेय मी. वजन बदललं की हाताला कळतं."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर एकट्या तुमचं शिसं सुटलं असतं. आता तेरा घरांतलं सुटलं."

"म्हणजे कथलाने काही होत नाही, हे माझं म्हणणं खरंच होतं," घड्याळजी पुटपुटले.

"ते मला ठाऊक नाही. पण एक सांगू? दहा वेळा छर्रा ओठांपर्यंत नेलात आणि दहा वेळा खाली आणलात. एकही तोंडात धरला नाहीत." ती थांबली. "माझं तुम्हाला पटलं होतं की हो."

त्यांनी तिच्या हातातली पर्स स्वतःकडे घेतली. ती खरोखरच जड होती.

पुढचे पंधरा दिवस ते रोज पहाटे बोळकांडीत उभे राहिले. साइटशी झटले, चार कंपन्यांचे कथील नळीला चाखवून पाहिले, मागच्या पत्र्यावर चिकणमाती थापली. चौथ्या डबीतले छर्रे नळीला आवडले. सामन्यात त्यांनी एक्क्याण्णव मारले, सगळे कथलाचे आणि सगळे ओठांत धरून. दाताच्या डॉक्टरांचे नव्वद आले. घरी येऊन घड्याळजींनी हे दोन्ही आकडे बायकोला तीन वेळा सांगितले.

सत्त्याण्णवचे कार्ड मात्र सेक्रेटरींनी काच लावून क्लबाच्या भिंतीवर टांगले आहे. खाली लिहिले आहे, 'बिनशिशाचे छर्रे : विक्रम'. नवा सभासद आला की त्याला आधी तिथे नेतात. मग तो घड्याळजींना गाठून विचारतो, "सत्त्याण्णव कसे मारलेत हो?"

"बायकोने आणून दिलेल्या डबीतून," घड्याळजी सांगतात. मग एक्क्याण्णवचे ब्याण्णव करायला चार छर्रे ओठांत धरून बंदुकीपाशी जातात.